खाटेखालच्या फळ्या

तळ्यावरच्या जुन्या बोटघराचं काम हातात घेताना मिस्त्रीने एकच अट घातली. रंगाचा, पॉलिशचा किंवा तेलाचा एकही डबा त्या डेकवर चढणार नाही. आर्किटेक्टबाईंनी लगेच मान डोलावली, कारण त्यांनाही तेच हवं होतं, आणि म्हणून तर त्या चार सुतार ओलांडून याच्या दारात आल्या होत्या. बोटघराच्या भिंती धड होत्या, छप्पर धड होतं, पण पाण्यावर पुढे आलेला लाकडी डेक निम्मा कुजला होता. उरलेला निम्मा ऊनपावसाने राखाडी झालेला, सकाळच्या उन्हात चांदीसारखा दिसणारा. त्याच्या शेजारी नव्या पिवळ्याधमक फळ्या ठोकल्या असत्या, तर म्हाताऱ्याने नवी कवळी घालून फोटोला उभं राहावं तसं दिसलं असतं.

मिस्त्रीचा धंदाच उलटा. लोक लाकूड पावसातून आत नेतात, हा आतलं बाहेर काढतो. त्याच्या आवारात सागाच्या फळ्या उघड्या आभाळाखाली वर्षानुवर्षं पडून असत, आणि जुन्या इमारतींची कामं निघाली की त्यांना मागणी येई. लग्न होऊन आल्या आल्या त्याच्या बायकोने शेजारणीला सांगितलं होतं, "दोरीवरचा टॉवेल भिजला तर घर डोक्यावर घेतात, आणि एवढं भारीतलं लाकूड खुशाल भिजवत ठेवतात." गिऱ्हाइकांना तो एकच मंत्र द्यायचा. लाकडाला काही लावू नका. तेल लावाल तर काळं पडेल, व्हार्निश लावाल तर पापुद्रे सुटतील, झाकून ठेवाल तर कुजेल. त्याला ऊन आणि पावसाच्या हवाली करा आणि गप्प बसा. गप्प बसणं मिस्त्रीला स्वतःला छान जमायचं. त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे जुन्या लाकडातून गंजका खिळा काढण्यासारखं काम.

तरी एक छोटीशी लबाडी त्या धंद्यातही होती. फळी पडून असताना तिच्यावर एखादी कुंडी किंवा वीट राहून गेली, तर तिच्याखालचं लाकूड कोरं राहतं. भोवती सगळं राखाडी आणि मधेच तपकिरी डाग. मिस्त्री त्या डागाभोवती खडूने रेघ मारायचा आणि पुढे जायचा. मागून त्याचा धाकटा भाऊ यायचा. लोखंडाच्या चुऱ्यावर व्हिनेगर ओतून मुरवलेलं पाणी, त्यांच्या भाषेत लोखंडपाणी, तो जुन्या ब्रशने त्या रेघेच्या आत भरायचा, आणि बघता बघता डाग राखाडी व्हायचा. दादाने आखायचं, धाकट्याने भरायचं. विचारायचं काही नाही, सांगायचं काही नाही. धाकट्याचा हात असा होता की भरलेली जागा दुसऱ्या दिवशी त्याची त्यालाच सापडू नये.

मुलगी आजारी पडली त्या वर्षी मिस्त्रीने स्वतःच्या घरामागे डेक बांधला. मुलीला सगळे खारू म्हणायचे, कारण लहानपणी ती कारखान्यातले स्क्रू आणि वायसर वेचून खारीसारखी कुठे कुठे दडवून ठेवायची. आता तिला चालवत नव्हतं. खोलीत पडून पडून ती छताला कंटाळली होती. म्हणून त्याने तिच्या खोलीच्या दाराशी सपाट डेक केला आणि त्यावर ठेवायला फळ्यांची एक बुटकी खाट केली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत बंद, पेटीसारखी. शेवटचा स्क्रू बसला त्याच दिवशी खाट डेकवर आली आणि तिथेच राहिली. पाऊस आला की आई आधी मुलीला उचलून आत न्यायची, मग गादीला.

खारूने त्या डेकचा रंग जाताना पाहिला. आधी मधासारखा, मग फिकट, मग ठिकठिकाणी करडा. पडल्या पडल्या तिचा उजवा हात खाटेवरून खाली लोंबायचा आणि बोटं एकाच फळीवर फिरत राहायची. बरं वाटत असलं की हळू, दुखत असलं की जोरात. एकदा ती म्हणाली, "बाबा, माझ्याआधी याचे केस पिकले." मिस्त्री तेव्हा खदखदून हसला होता. नंतर ते वाक्य त्याला कुठेही गाठायचं, करवत चालू असताना, जेवताना.

डेक पुरता राखाडी झाला, आणि खारू गेली.

त्यानंतर मिस्त्रीने स्वतःला बोटघराच्या कामाला जुंपून घेतलं. उजाडायच्या आत बाहेर पडायचं, अंधार पडला की यायचं, आणि आल्यावर पुढच्या दारानेच आत शिरायचं. मागच्या दाराकडे तो फिरकत नव्हता. बायको मात्र रोज सकाळी गादी डेकवरच्या खाटेवर नेऊन घालायची आणि आभाळ भरून आलं की धावत जाऊन आत आणायची. कुणासाठी, हे त्याने विचारलं नाही. दोघं एका घरात राहत होती इतकंच. धाकटा आणि तो यांच्यातही आता फक्त मापांचं बोलणं उरलं होतं. धाकट्याला स्वतःचं मूल नव्हतं. खारूला खांद्यावर बसवून गावभर हिंडवणारा तोच होता, पण त्याच्यासमोर तिचं नाव निघालं की तो हातातलं काम टाकून उगाच पाणी प्यायला जायचा.

बोटघराच्या डेकखालचे कुजके वासे उचकटले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी फळ्या हातात आल्या, आणि मिस्त्रीचा अंदाज चुकला. आवारातलं राखाडी लाकूड पुरेना. एक अख्खी बाजू उघडी राहत होती. आर्किटेक्टबाई हळूच म्हणाल्या की तेवढ्या नव्या घालू, होतील त्याही हळूहळू राखाडी. मिस्त्री बघतो म्हणाला. धाकट्याने पाण्याकडे बघत तोंड उघडलं, "दादा, घरामागच्या...", आणि पुढचं गिळून टाकलं. पण गिळलेलं दोघांनाही ऐकू आलं होतं.

मिस्त्रीने त्या दिवशी घरी जाऊन बराच वेळ नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बायकोनेच शेवटी विचारलं, काय अडलंय. त्याने सांगितलं. आता ही रडेल किंवा ताट आपटेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. ती म्हणाली, घेऊन जा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मोकळा डेक रोज दिसतो, कुणाच्या तरी पायाखाली जाऊ देत त्या फळ्या. खारूलाही माणसांची वर्दळ आवडायची. "फक्त तिच्या खाटेखालच्या राहू द्या," ती म्हणाली.

खाट दोघांनी मिळून उचलली. एवढी जड नव्हती ती, पण दोनदा खाली ठेवावी लागली. आणि ती बाजूला झाली तेव्हा खाली, सगळ्या राखाडीच्या मधोमध, एक लांबट चौकोन उरला होता. मधासारखा तपकिरी, कोरा, ताजा. जणू डेक आजच बांधला होता आणि पोरगी अजून आत खोलीत होती. चौकोनाच्या शेजारी, उजव्या अंगाला, राखाडी फळीवर बोटभर लांबीची एक जागा गुळगुळीत आणि काळपट झाली होती. तिथे तिचा हात फिरायचा. बायको खाली बसली आणि तिने त्या जागेवर आपली बोटं ठेवली. मिस्त्रीला उभं राहवेना आणि बसवेना. तो आत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

डेकच्या बाकीच्या फळ्या धाकट्याने येऊन काढून नेल्या, तरी बोटघराची शेवटची ओळ रिकामीच राहत होती. मधला तुकडा तेवढा राहिला, खाट भिंतीला लागली. बायको आता गादी बाहेर काढेनाशी झाली. ती स्वतःच चौकोनापाशी जाऊन बसायची. तिथे बसून कपड्यांच्या घड्या घालायची, फोनवर बहिणीशी बोलायची. मिस्त्री मागच्या दाराने येऊ लागला. एकदा तर ती खारूच्या कुठल्याशा खोडीवर हसली, आणि तो चकित होऊन बघत राहिला. हे असंच राहिलं तर आपण जगू, असं त्याला बऱ्याच दिवसांनी वाटलं.

पण लाकूड असं राहत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन पावसाळी झोडपे आणि मधलं कडक ऊन एवढं पुरलं. एका सकाळी बायकोने त्याला हाताला धरून तिथे नेलं. चौकोनाची कड धूसर झाली होती, मधला रंग उतरला होता.

"हे चाललंय," ती म्हणाली. "तुम्ही लाकडातले ना? थांबवा ना हे."

आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलेला मंत्र मिस्त्रीच्या घशाशी आला. तेल लावलं तर काळं पडेल. व्हार्निश सुटेल. झाकलं तर कुजेल. स्वतःच्याच तोंडाचा त्याला त्या क्षणी मनस्वी राग आला. लोकांनी कशाकशासाठी विचारलं असेल, आपण त्यांना हसण्यावारी नेलं. मग त्याला एकच वाट सुचली. फळ्या काढायच्या आणि घरात न्यायच्या. खारूच्या खोलीत, तिची गादी होती तिथे, जमिनीवर जशाच्या तशा जोडायच्या. जिथे ऊन नाही, पाऊस नाही, तिथे रंग जाणार नाही. बायकोने त्याच दिवशी खोली झाडून पुसून रिकामी करायला घेतली. फळ्या मात्र पावसाचं पाणी पिऊन ओल्या होत्या. तशाच आत नेल्या असत्या तर पिळल्या असत्या, आणि मग चौकोन जुळला नसता. आधी कारखान्याच्या सावलीत सुकायला हव्यात, असं त्याने सांगितलं, आणि तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे आला तेव्हा चौकोनाभोवती पांढरी रेघ होती. तो उठायच्या आधी बायकोने खडू आणून ती मारली होती, आणि हाताच्या त्या काळपट जागेभोवती एक छोटं वर्तुळ. पुन्हा जोडताना चुकायला नको म्हणून, ती म्हणाली. फळ्या अलग झाल्या की कुठलं कुठे होतं ते कसं कळणार? मिस्त्रीला तिची अक्कल पटली. ती रेघ त्याने रोज हाताळलेली होती, पण त्या दिवशी ती त्याला आईने लेकराभोवती धरलेल्या हातासारखी दिसली, कामाची रेघ म्हणून नाही. त्याने एकेक फळी जपून काढली, कारखान्याच्या मागच्या भिंतीला मधे पट्ट्या घालून रचली, आणि धाकट्याला सांगायचं ठरवलं. सांगायचं म्हणजे कसं? या फळ्यांना हात लावू नकोस, इथे खारू झोपायची. हे वाक्य त्याने मनात जुळवलं, आणि बोटघरावर धाकटा समोर आल्यावर विचारलं, "पाच नंबरचे स्क्रू संपले का?"

मग पुढच्या एका कामाचे वासे आणायला त्याला लांबच्या लाकूडगिरणीत जावं लागलं. तिथे वासे तयार नव्हते, ते कापून होईपर्यंत मुक्काम पडला. परत आला तो थेट बोटघरावर उतरला. डेक पुरा झाला होता. सगळी बाजू भरली होती. आर्किटेक्टबाई अनवाणी पायांनी त्यावरून चालत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता. कुठे जुनं संपतं आणि कुठे आपलं सुरू होतं ते त्यांना ओळखता येत नव्हतं. तुमच्या भावाने शेवटची ओळ काल बसवली, त्या म्हणाल्या.

शेवटच्या ओळीला फळ्या कुठून आल्या, हे विचारायला मिस्त्रीचा पाय आधी धाकट्याकडे वळला आणि मग जागीच थांबला.

धाकटाच जवळ आला. त्याचे डोळे सुजलेले होते. "तू आखून ठेवलं होतंस," तो म्हणाला. "तुझ्याच्याने भरवलं नसतं, कळलं मला. म्हणून काही विचारलं नाही. एकट्यानेच केलं. एक जागा रंग धरेना दादा, तेलकट होती. सोड्याने घासली, मग धरला." आणि मग खारूची आठवण निघाली की पाणी प्यायला पळणारा तो माणूस प्रथमच तिथेच उभा राहिला. "आयुष्यात इतकं नीट काम केलं नसेल मी. तिचं होतं ना ते."

मिस्त्रीने तोंड उघडलं. ती रेघ माझी नव्हती, एवढंच सांगायचं होतं. समोर उभ्या असलेल्या भावाच्या हातांना अजून लोखंडपाण्याचा काळा डाग होता, नखांत, बोटांच्या पेरांत. मिस्त्रीने ते हात आपल्या हातांत घेतले आणि चांगलं केलंस म्हणाला.

घरी बायकोने खोली तयार ठेवली होती. जमीन पुसून लख्ख, खिडकीला जाड पडदा, कडेला एक उशी, बसायला. फळ्या सुकल्या का, तिने विचारलं. मिस्त्री उंबरठ्यावर उभा राहिला. फिरवून फिरवून सांगायची कला त्याला कधीच नव्हती.

"त्या भरल्या गेल्या," तो म्हणाला.

तिला समजावून सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर भरणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. ती भिंतीला टेकली. भावजींनी न विचारता कशा भरल्या, कुणी आखल्या होत्या त्या, एवढं ती तावातावाने म्हणाली. तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"मीच आखल्या," ती म्हणाली.

नाही, मी सांगायला हवं होतं त्याला, दोष माझा आहे, असं मिस्त्री पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ती ऐकत नव्हती. ती जमिनीवर बसली, त्या पुसलेल्या रिकाम्या जागेच्या कडेला, आणि मग आडवी झाली, आणि आतून काहीतरी फाटल्यासारखी रडली. खारू गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा निदान खाट होती. मिस्त्री तिच्या शेजारी आडवा झाला. त्या दोघांत त्या पोरीशिवाय आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि पोरीचं म्हणून जे काही जगात उरलं होतं ते त्यांनी तिघांनी मिळून, जीव लावून, पुसून टाकलं होतं. पुष्कळ वेळाने ती उठून बसली आणि तिने एकच गोष्ट मागितली. भावजींना यातलं काही कळता कामा नये.

बोटघर लोकांना खुलं झालं त्या दिवशी तिघं बरोबर गेली. धाकट्यानेच हट्ट धरला होता. डेकवर माणसं होती, रेलिंगला टेकून पाणी बघणारी, पोरं धावणारी. खाली पाणी चमकत होतं आणि वर डेक, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रुपेरी करडा. धाकट्याने वहिनीला विचारलं, आपल्या फळ्या कुठल्या ते ओळखता येतंय का.

ती सावकाश चालत गेली. अर्ध्यावर थांबली, वाकून पाहिलं, पुन्हा चालली. शेवटी वळून म्हणाली, "नाही सापडत, भावजी. फार सुंदर झालंय."

धाकट्याने मान खाली घातली. मग आर्किटेक्टबाईंनी त्याला कुणाशी तरी ओळख करून द्यायला हाक मारली आणि तो गेला.

तो पाठमोरा झाल्यावर ती पुन्हा चालू लागली. आता वेगळं चालत होती, चप्पल हातात घेऊन, तळव्यांनी चाचपत. रेलिंगच्या एका खांबापाशी तिचे पाय थबकले. तिने इकडेतिकडे पाहिलं, खाली बसली आणि उजव्या हाताची बोटं एका फळीवर फिरवू लागली, मागे पुढे, मागे पुढे. तिथे तिला काहीतरी गुळगुळीत लागलं असावं. तिचा चेहरा सैल झाला. तिने मिस्त्रीला खुणेने बोलावलं.

मिस्त्री लांबून बघत होता. घरच्या डेकच्या फळ्यांना कडेला स्क्रूची जुनी भोकं होती, ती धाकट्याने सागाच्या गुंड्या ठोकून बुजवली होती, आणि त्या गुंड्या त्याला इथूनही दिसत होत्या. त्या होत्या पार पलीकडे, जिथे पोरं उड्या मारत होती. ती बसली होती ती फळी आवारातली होती. खारूने ती कधी पाहिलीही नव्हती.

तो चालत तिच्यापर्यंत गेला. "इथेच ना हो?" तिने विचारलं.

"इथेच," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसला. तिने त्याचा हात धरून त्या फळीवर ठेवला, आणि ती नेईल तसा त्याने तो फिरू दिला.